हरलेल्या रायफलीचे पैसे कोणी द्यायचे?

लष्कराला रायफल विकायची असेल तर ती आधी चाचणीला आणावी लागते, आणि आणण्याचा सगळा खर्च बनवणाऱ्याचा. नमुने त्याचे, माणसे त्याची, वाळवंटापासून बर्फापर्यंतची ने-आण त्याची. संरक्षण खरेदीच्या नियमांत या पद्धतीला ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ म्हणतात. सरकार चाचणीचे पैसे देणार नाही, आणि रायफल चाचणीत उतरली तरी ती घेतलीच पाहिजे असे बंधन सरकारवर नाही. वरवर पाहता यात गैर काही वाटत नाही. जनतेचा पैसा आहे, विकणाऱ्याने आपला माल स्वखर्चाने दाखवावा. जो माल तयार आहे, दहा देशांत खपतो आहे, त्याच्यासाठी हा नियम चालून जातो. पण जी रायफल अजून घडायची आहे, जिचे दोष चाचणीतच कळणार आहेत, तिच्यासाठी हा नियम म्हणजे बंद दार आहे.

पहिल्या चाचणीत कुठलीही नवी रायफल हरते. हे टूलरूममध्ये, म्हणजे साचे-डाय बनवणाऱ्या कारखान्यात, काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मग हरण्याचा खर्च परवडणारे दोघेच उरतात: परदेशातली जुनी कंपनी, जिची रायफल आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी पैशावर सुधारून झालेली असते, आणि आपल्याकडचा एखादा मोठा उद्योगसमूह. संभाजीनगरजवळ वाळूजला चार सीएनसी मशिनी टाकून बसलेला माणूस या रांगेत उभाच राहू शकत नाही. माझे म्हणणे साधे आहे. जिंकलेल्या रायफलीइतकाच हरलेल्या रायफलीचा खर्चही देशाने उचलला पाहिजे. उपकार म्हणून नव्हे. हरलेल्या रायफलीवाचून जिंकणारी रायफल घडत नाही म्हणून.

याचा सगळ्यात चांगला दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आणि अमेरिकेतला आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या लष्कराला अर्धस्वयंचलित रायफल हवी होती. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची गरज नाही; घोडा दाबला की एक गोळी सुटते, रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडते, नवे आत बसते. तोवर जवळजवळ सगळ्या मोठ्या सैन्यांचा शिपाई बोल्ट ओढूनच लढत होता. कल्पना सोपी, करणे महाकठीण. रायफलीच्या काडतुसात जी ताकद असते ती एका सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात आवरायची, त्यातलीच थोडी वापरून यंत्रणा चालवायची, आणि हे सगळे शिपायाने दिवसभर खांद्यावर वागवावे इतक्या वजनात बसवायचे.

या कामासाठी अमेरिकी लष्कराच्या ऑर्डनन्स, म्हणजे शस्त्रास्त्र, विभागाने जॉन पेडरसन या माणसाला हाताशी धरले. तो रेमिंग्टन कंपनीसाठी बंदुका घडवणारा नावाजलेला डिझायनर. सरकारने १९२४ च्या सुमारास त्याच्याशी करार केला: स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत जागा, पगार, आणि रायफल स्वीकारली गेली तर रॉयल्टी. ही अट नीट वाचण्यासारखी आहे. रायफल स्वीकारली नाही तरी पगार मिळणारच होता.

पेडरसनने आधी काडतूस घडवले. त्या काळचे नेहमीचे अमेरिकन काडतूस .३० इंच व्यासाचे, जबर धक्का देणारे. त्याने .२७६ इंचाचे, म्हणजे साधारण सात मिलिमीटरचे, काडतूस काढले. धक्का कमी, वजन कमी, शिपायाला जास्त गोळ्या नेता येतील. मग त्या काडतुसाभोवती रायफल. तिच्या पाठीवर गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा होता. गोळी सुटली की काडतूस मागे रेटा देई, आणि सांध्याच्या कोनांची रचना अशी की तो लगेच उघडत नसे. क्षणभर अडून मग वर दुमडला जाई. त्या अडण्याच्या क्षणात गोळी नळीबाहेर गेलेली असे. नळीला भोक पाडून वायू घ्यायचा नाही, पिस्टन नाही, दट्ट्या नाही. कागदावर फार देखणी रचना.

अडचण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, होती. काडतुसाचे पितळी कवच दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. पेडरसनचा सांधा उघडू लागे तेव्हा आत थोडा दाब शिल्लक असे, म्हणजे चिकटलेले कवच मागे खेचायचे. कोरडे कवच अशा वेळी अडकते किंवा फाटते. त्यावर त्याने उपाय काढला तो काडतुसालाच मेण लावण्याचा. सेरेसिन नावाच्या खनिज मेणाचा अगदी पातळ, कडक थर. बोटाला चिकटत नाही, हाताला जाणवतही नाही. तो उपाय चाललाही. पण लष्कराच्या मनात शंका राहिली ती राहिलीच. खंदकातल्या धुळीत, उन्हात, महिनोन्‌महिने पेटीत पडून राहिल्यावर या मेणाचे काय होईल? शिवाय मेण लावलेली काडतुसे वेगळी बनवायची, वेगळी साठवायची. मे महिन्यात आमच्याकडे काळ्या रानातली धूळ घराच्या प्रत्येक फटीत कशी शिरते ते ज्याने पाहिले आहे त्याला ही शंका फाजील वाटणार नाही.

दरम्यान त्याच स्प्रिंगफील्डमध्ये जॉन गारँड नावाचा दुसरा माणूस १९१९ पासून सरकारी नोकरीत होता. क्यूबेकमध्ये जन्मलेला, कापडगिरणीत काम करून मशिनिस्ट झालेला. त्याने आधी एक वेगळीच रचना केली होती. काडतुसाच्या बुडाची टिकली, म्हणजे प्रायमर, गोळी सुटताना किंचित मागे सरकते. तेवढ्या हालचालीवर त्याची रायफल चालायची. काही वर्षे त्यावर काम झाल्यावर लष्कराने काडतुसातली दारू बदलली आणि प्रायमर पक्का दाबून बसवायला सुरुवात केली. गारँडची कित्येक वर्षांची मेहनत एका फटक्यात निकामी झाली. त्याचा यात काही दोष नव्हता. सरकारने त्याला घरी पाठवले नाही, त्याच्या पगारावर, जागेवर गदा आली नाही. तो पुन्हा पाटी कोरी करून बसला आणि नळीच्या टोकापाशी वायू घेऊन चालणारी नवी रायफल करू लागला.

तीही त्याने केली पेडरसनच्याच .२७६ काडतुसासाठी. प्रतिस्पर्ध्याने केलेले काम त्याच्या उपयोगी आले. १९२८ मध्ये लष्कराने बेशुद्ध केलेल्या डुकरांवर वेगवेगळ्या व्यासाच्या गोळ्या झाडून जखमांची तुलना केली आणि पुढे १९३० मध्ये बकऱ्यांवरही. वाचताना अंगावर काटा येतो, पण प्रश्न खरा होता: लहान गोळी कमी पडते का? नेहमीच्या लढाईच्या अंतरावर ती कमी पडत नाही, असे दिसून आले. १९२९ च्या चाचणीत थॉम्पसनपासून चेकोस्लोव्हाकियाच्या होलेकपर्यंत अनेकांच्या रायफली एका मैदानात उतरवल्या. एकाच धुळीत, एकाच चिखलात, एकाच मापाने. जानेवारी १९३२ मध्ये लष्कराच्या चाचणी मंडळाने गारँडची .२७६ ची रायफल पसंत केली. पेडरसन हरला.

आणि लगेच पुढच्या महिन्यात लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी .२७६ चे काडतूसच नाकारले. मंदीचे दिवस होते, कोठारांत .३० ची काडतुसे ढिगाने पडून होती, मशीनगनही त्याच काडतुसाच्या. म्हणजे पेडरसनची रायफल तर गेलीच, त्याच्या काडतुसाचाही निकाल लागला. गारँडने तीच रचना .३० साठी पुन्हा आखली, क्लिपमध्ये, म्हणजे काडतुसे एकत्र धरणाऱ्या पकडीत, दहाच्या जागी आठ काडतुसे मावू लागली, आणि ९ जानेवारी १९३६ ला ती एम-१ या नावाने लष्करात आली. तेव्हाही ती पूर्ण झाली नव्हती. नळीच्या टोकाशी वायू पकडणारी मूळ व्यवस्था त्रास देऊ लागली, तेव्हा कारखाना सुरू असतानाच ती काढून नळीला भोक पाडणारी साधी व्यवस्था आणावी लागली. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर मिळून अशा पन्नास लाखांहून जास्त रायफली बनल्या. गारँडने पेटंट सरकारच्या नावे करून दिले होते. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असा प्रस्ताव अमेरिकन काँग्रेसपुढे आला, तो मंजूर झाला नाही.

पेडरसनवरचा पैसा वाया गेला का? त्याची रायफल ब्रिटनमध्ये व्हिकर्स कंपनीने बनवून पाहिली, जपानने तिच्या धर्तीवर प्रायोगिक रायफली केल्या, आणि कुठल्याच सैन्याने ती घेतली नाही. हिशेबाच्या वहीत ती शून्य. पण तिच्यामुळे अमेरिकेला कळले की मेण लावलेली काडतुसे आपल्याला नकोत. हलके काडतूस किती उपयोगी पडते हे कळले. गारँडसमोर सात-आठ वर्षे एक तुल्यबळ माणूस उभा राहिला, ज्याच्याहून चांगले केल्याशिवाय सुटका नव्हती. एकट्या गारँडला पगार देऊन हे सगळे हाती लागले असते असे मला वाटत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९६२ मध्ये चीनविरुद्ध आपले जवान हाताने बोल्ट ओढायची ली-एनफील्ड, आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो ती, घेऊन लढले. समोरच्यांकडे अर्धस्वयंचलित रायफली होत्या. अमेरिकेने जे १९३६ मध्ये पार पाडले ते आपल्याला पराभवानंतर, घाईने करावे लागले. बेल्जियमच्या फाल या रायफलीच्या धर्तीवर बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात ७.६२ मिलिमीटरची एसएलआर बनू लागली. ती चांगली रायफल होती. गावोगावच्या माजी सैनिकांकडून तिची तारीफ आजही ऐकायला मिळते, वजनाची तक्रार करत का होईना. पण तिच्यासाठी दोन-तीन भारतीय रचना एकमेकींसमोर उभ्या राहून झगडल्या नाहीत. तयार आराखड्यावरून आपण शिकलो. बनवायला शिकलो, आखायला कमी शिकलो.

मग इन्सास ही भारतीय रायफल आली. पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेने ऐंशीच्या दशकात ती आखली, १९९८ च्या सुमारास ती जवानांच्या हातात पोचली आणि वर्षभरात कारगिल झाले. थंडीत प्लास्टिकचे मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, तडकते, तेल डोळ्यांत उडते, अशा तक्रारी तिथून आल्या. यातला एकही दोष असा नव्हता की जो दुरुस्त होऊ नये. एम-१ मध्येही स्वीकारल्यानंतरच मोठा बदल झाला होता. फरक एवढाच की तिथे रायफलीसाठी भांडणारा माणूस आणि त्याला सुधारणेसाठी पैसा, वेळ देणारी व्यवस्था एका छताखाली होती. इन्सासमध्ये पुढे सुधारणा झाल्या, पण तिचे नाव एकदा खराब झाले ते झाले.

त्यानंतरची वर्षे आठवून पाहा. २०११ मध्ये लष्कराने अशी रायफल मागितली जिची नळी बदलून दोन वेगळ्या मापांची काडतुसे झाडता येतील. २०१५ मध्ये ती निविदाच मागे घेतली, कारण एकही रायफल अटीत बसली नाही. पुढे माप बदलले, ७.६२ हवे असे ठरले. इशापूरने ७.६२ ची रायफल केली, ती २०१७ च्या चाचणीत नापास झाली. मॅगझीनपासून दोष निघाले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीच्या ७२,४०० रायफलींचा करार झाला. २०२१ मध्ये रशियन एके-२०३ अमेठीजवळ कोरव्याला बनवण्याचा करार झाला, सहा लाखांहून जास्त नगांचा. २०२४ मध्ये सिग सॉअरच्याच आणखी सुमारे ७३,००० रायफली मागवल्या.

मापाबाबत लष्कराने मत बदलले यात मी दोष काढणार नाही. मॅकआर्थरनेही बदलले होते. पण तिथे मत बदलल्यावर गारँड जागेवर होता, त्याच्या मशिनी जागेवर होत्या, आधीच्या सगळ्या चाचण्यांचे आकडे हाताशी होते, म्हणून चार वर्षांत नवे माप बसले. आपल्याकडे मत बदलले की आधीचा सगळा खेळ मोडतो. ज्यांनी नमुने केले ते आपले पैसे बुडाले म्हणून गप्प बसतात, दुसऱ्या वेळी येत नाहीत. आणि मग कोणीतरी म्हणते, आपल्याकडे बनवणारेच नाहीत.

बनवणारे आहेत. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून धातूकामाचे जे कसब जमा झाले आहे ते लहान नाही. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. डाय, मोल्ड, जिग, गेज, म्हणजे साचे आणि मापे तपासायची साधने, या गोष्टी इथली पोरे आयटीआयमधून निघाल्यापासून हाताळतात. माझे आयुष्य याच कामात गेले, त्यामुळे एक वस्तू जरा जवळून दाखवतो. रायफलीचे मॅगझीन.

मॅगझीनच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या कडा असतात, फीड लिप्स म्हणतात त्यांना. खालून स्प्रिंग काडतुसे वर रेटत असते आणि या कडा वरचे काडतूस धरून ठेवतात. बोल्ट पुढे येताना तेवढे एक काडतूस या कडांखालून निसटवून चेंबरमध्ये ढकलतो. कडा जरा जास्त उघडी राहिली की काडतूस वेळेआधी सुटते, नाक वर करून अडकते. जास्त मिटली की वेळेवर सुटत नाही. रायफल जाम झाली, असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा दोष रायफलीत नसतो, या पत्र्याच्या कडेत असतो.

आता हा पत्रा वाकवायचा कसा? डायमध्ये दाबून जितके अंश वाकवाल तितका तो राहत नाही, दाब निघाला की थोडा मागे येतो. याला शॉपफ्लोअरवर स्प्रिंगबॅक म्हणतात. किती मागे येईल ते पत्र्याच्या जाडीवर, त्याच्या कडकपणावर, रोलिंगच्या दिशेवर ठरते, आणि कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, बदलली की पुन्हा बदलते. म्हणून डायच मुद्दाम जास्त वाकवणारी करतात. मग हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला, पाठवल्यावर पत्रा पुन्हा हलतो. ट्रायआउटला, म्हणजे डाय चालवून बघताना, पहिला पीस काढायचा, गेजला लावायचा, बसत नाही म्हणून डाय उतरवायची, पंचाला ग्राइंडिंग करायचे, शिमची पातळ पट्टी घालायची, पुन्हा चढवायची. हे किती वेळा करावे लागेल हे आधी कोणी सांगू शकत नाही. पण शेवटी जमते, आणि एकदा जमले की लाख पीस सारखे निघतात. मोटारसायकलच्या कितीतरी पार्टमध्ये हेच काम इथे रोज चालते. इशापूरच्या रायफलीचे मॅगझीन नापास झाले, ही बातमी वाचून मला पहिल्यांदा हेच वाटले की हा दोष सुटू शकणारा होता, आणि तो सोडवण्याची सवय असलेले हात देशात इतके असताना कोणी विचारलेही नाही.

मोटारउद्योगात हे विचारले जाते. नवा पार्ट विकसित करायचा तर ग्राहक कंपनी टूलिंगचे, म्हणजे डाय-साच्यांचे, पैसे वेगळे मोजते. काही ऑर्डरसोबत आगाऊ, काही सॅम्पल पास झाल्यावर, किंवा पार्टच्या भावात वळते करून. सॅम्पल नापास झाले तर कुठले माप किती मायक्रॉनने गेले याचा रिपोर्ट हातात येतो. त्या कंपन्या काही धर्मादाय चालवत नाहीत. डाय बनवणारा बुडाला तर आपलीच लाइन थांबेल, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. नफ्याचा एकेक रुपया मोजणाऱ्या कंपनीला जे परवडते ते देशाच्या लष्कराला परवडत नाही, हे मी मानायला तयार नाही.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली खासगी कारखान्यांना परवाने मिळू लागले आहेत. सरकारी शस्त्रकारखाने चालवणारे ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्या झाल्या. संरक्षण खरेदीच्या ‘मेक-१’ प्रकारात नमुन्याच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंत वाटा सरकार देते, आयडेक्स या संरक्षण मंत्रालयाच्या योजनेखाली नवउद्योगांना आर्थिक मदत मिळते. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीसोबत केलेली उग्रम ही ७.६२ ची रायफल पुण्यात दाखवली गेली, वजन चार किलोच्या आत. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण हा पैसा नमुना तयार होईपर्यंतचा. खरी परीक्षा नमुना तयार झाल्यावर सुरू होते, चाचणीत, आणि नेमक्या त्या टप्प्यावर ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ सुरू होते.

मराठवाड्यात हे लिहिताना एक आक्षेप मला ऐकू येतो आणि तो मी हलका मानत नाही. जिथे २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, जिथे शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आतल्या पानावर जाते, तिथे रायफलीवर, तेही हरणाऱ्या रायफलीवर, पैसा खर्च करा असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? माझे उत्तर असे की रायफलीवरचा पैसा जाणारच आहे, तो जातोच आहे. सिग सॉअरच्या पहिल्या करारातच सुमारे सातशे कोटी गेले. प्रश्न एवढाच आहे की त्यातला थोडा हिस्सा इथल्या शिकण्यावर जाणार की नाही. ही रायफल उद्या हातात धरणारी पोरे याच जिल्ह्यांतली आहेत. बीड, हिंगोली, परभणी, कुठल्याही रस्त्यावर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. कोरडवाहू रानात भागत नाही म्हणून ती धावतात. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर स्वयंचलित रायफली घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर आपले पोलीस थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते, तेही अशाच घरांतून आलेले.

दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. हरणाऱ्यालाही पैसे म्हटले की हरण्यासाठीच कंपन्या निघतील, ओळखीच्या माणसाला नमुन्याचे पैसे मिळतील, आणि रायफल कधीच निघणार नाही. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच पैशासोबत चाचणीचा अहवाल उघडा हवा असे माझे ठाम मत आहे. किती हजार गोळ्यांमागे किती वेळा अडली, कुठला भाग तुटला, धुळीत काय झाले, थंडीत काय झाले. नाकारलेल्या रायफलीचे हे आकडे लपवून शत्रूपासून कुठले गुपित राखले जाते ते मला समजत नाही. निदान ज्याने ती बनवली त्याच्या हातात तरी पूर्ण अहवाल पडला पाहिजे, सही-शिक्क्यासह आणि ठरलेल्या मुदतीत. नुसते ‘अटीत बसत नाही’ एवढे कळून कोणी डाय सुधारू शकत नाही. आकडे उघडे झाले की पैसे खाण्यासाठी आलेला आणि खरोखर झगडणारा यांच्यातला फरक कोणालाही दिसेल: एकाचे दोष दर फेरीला कमी होतात, दुसऱ्याचे होत नाहीत.

तिसरा आक्षेप घाईचा. सीमेवर आज रायफल हवी, तुमच्या प्रयोगांना वेळ कुठे? बरोबर आहे. आजची गरज आजच्या खरेदीने भागवावी. कोरव्याची रायफल बनते आहे, बनू द्यावी. पण १९६२ नंतर घाई, कारगिलनंतर घाई, २०१९ मध्ये घाई. साठ वर्षे आपण घाईतच आहोत. गारँड १९१९ मध्ये नोकरीला लागला आणि रायफल १९३६ मध्ये आली. मधली सगळी वर्षे अमेरिकेचा शिपाई जुनी बोल्ट ओढायची रायफलच वापरत होता. प्रयोग आणि गरज या दोन वाटा शेजारी शेजारी चालल्या.

मग करायचे काय? एक, रायफल, कार्बाइन, मशीनगन अशा लहान शस्त्रांपुरता तरी ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ नियम बदलावा. प्रत्येक वेळी किमान दोन भारतीय रचना निवडून दोन्हींचा चाचणीचा आणि दुरुस्तीचा खर्च सरकारने द्यावा, तोही दोन-तीन फेऱ्यांपर्यंत. संपूर्ण रायफल बनवू न शकणाऱ्यालाही यात जागा हवी. कोणी फक्त मॅगझीन करेल, कोणी ट्रिगरचा संच, कोणी नळी. नळी हा वेगळाच विषय आहे, तिचे पोलाद, तिचे रायफलिंग म्हणजे आतल्या पीळदार खाचा, आतला क्रोमचा थर, आणि यात इथल्या मंडळींनी हात घालायला अजून वेळ आहे हेही मान्य केले पाहिजे. मॅगझीनचे तसे नाही.

आणि चाचणीची सोय जवळ हवी. केंद्राने २०२० मध्ये संरक्षण चाचणी सुविधांसाठी ४०० कोटींची योजना काढली. त्यात सुविधा उभारण्याच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत भाग सरकार देणार आणि उरलेला उद्योग व राज्य सरकारांनी मिळून उभा करायचा, असे ठरले. देशाचे दोन संरक्षण कॉरिडॉर उत्तर प्रदेशात आणि तामिळनाडूत आहेत. महाराष्ट्रात काडतुसे वरणगावला होतात, दारूगोळा खडकीला आणि देहूरोडला, आराखडे पाषाणला. विदर्भात नागपूर, भंडारा, चंद्रपूरला कारखाने आहेत. मराठवाड्यात एकही नाही. मी कारखाना मागत नाही. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक वसाहतीच्या जमिनीवर लहान शस्त्रांच्या सुट्या भागांसाठी एक चाचणीशाळा मागतो, जिथे मॅगझीन गोठवून, तापवून, चिखलात बुडवून, दहा हजार वेळा भरून-रिकामे करून पाहता येईल आणि त्याचा रिपोर्ट बनवणाऱ्याला त्याच आठवड्यात मिळेल. उद्योजकांच्या संघटनेने, अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि नांदेडच्या एसजीजीएस या अभियांत्रिकी संस्थेने मिळून प्रस्ताव केला तर तो जड जाणारा नाही.

तोवर मराठवाड्याच्या खासदारांनी एक प्रश्न संरक्षण मंत्रालयाला लेखी विचारावा. २०११ पासून आजपर्यंत चाचणीत नाकारलेल्या भारतीय रायफली किती, त्यांपैकी किती बनवणाऱ्यांना दोषांचा पूर्ण अहवाल दिला गेला, आणि त्यांतले किती जण दुसऱ्या चाचणीला परत आले?